एका हवाईयन अद्भुत कादंबरीची दुसरी आवृत्ती: वाचक-प्रतिक्रियांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका लहान बालसाहित्य प्रकाशनसंस्थेत घडले. त्या वेळी मी तेथे संपादक होते आणि या कादंबरीची मुद्रणप्रत माझ्याच सहीने छापखान्यात गेली होती. व्यक्ती, संस्था आणि पुस्तक यांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत व कथानकातील काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणे मात्र घडली तशीच ठेवली आहेत.

कादंबरी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली होती. तिची नायिका बारा वर्षांची, लास वेगासमध्ये वाढलेली मुलगी आहे. हवाईचे लोक लास वेगासला ‘नववे बेट’ म्हणतात, कारण हवाईची मुख्य बेटे आठ आणि महागाईमुळे बेटे सोडलेली असंख्य कुटुंबे या वाळवंटी शहरात स्थायिक झालेली आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार मूळ हवाईयन वंशाचे निम्म्याहून अधिक लोक आता हवाईबाहेर, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. लेखिका स्वतः अशाच कुटुंबातील होत्या. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी, लहानपणीच्या दोन-तीन सुट्ट्या आणि ग्रंथालयातील वाचन एवढ्या शिदोरीवर, पण अतिशय प्रेमाने, त्यांनी हे पुस्तक लिहिले होते. लेखिका परक्या नव्हत्या, तरी बेटांवर वाढलेल्याही नव्हत्या. या मधल्या जागेमुळेच पुढचे सर्व प्रश्न अवघड झाले, म्हणून ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते.

कथानक थोडक्यात असे. नायिका उन्हाळ्यात हवाई बेटावर आपल्या तूतूकडे, म्हणजे आजीकडे, येते. किलाउएआ ज्वालामुखीच्या परिसरात तिला लाव्हाचा एक काळा दगड सापडतो. तो खिशात घालताच तिच्या हाती अग्नीची शक्ती येते. त्यामुळे ज्वालामुखीची देवी पेले संतापते आणि बेटांवर संकट कोसळते. नायिका आपला आउमाकुआ, म्हणजे रक्षक पूर्वजात्मा, निवडते, एका जादुई होकायंत्राच्या साहाय्याने होडीतून बेटामागून बेट ओलांडते, रात्री संचार करणाऱ्या योद्ध्यांच्या मिरवणुकीला आपली फौज बनवते आणि शेवटी पेलेला नमवते. हस्तलिखित वाचताना मला ते वेगवान, चित्रमय आणि कोवळ्या वाचकाला खिळवून ठेवणारे वाटले होते. आजही त्यातली होडीची प्रकरणे मला सुंदर वाटतात.

प्रतिक्रिया

पहिली आवृत्ती पक्क्या बांधणीत निघाली. पुढच्या वर्षी साध्या बांधणीची स्वस्त आवृत्ती काढण्याचे ठरले होते आणि तिच्या तयारीसाठी पत्रे, शिक्षकांचे अभिप्राय, ग्रंथालयांतील वाचनगटांची टिपणे आणि पुस्तकवाचनाच्या कार्यक्रमांत विचारलेले प्रश्न एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आले.

मुख्य भूमीवरील बहुतेक वाचक पुस्तकावर खूश होते. वेग, विनोद आणि आजी-नातीचे नाते त्यांना आवडले होते. तक्रारी होत्या त्या वाचनसुलभतेच्या: नावे एकमेकांसारखी वाटतात, शब्दसूची शेवटी असल्याने सारखी पाने उलटावी लागतात, नकाशा हवा होता. काही पालकांनी आजीच्या बोलण्यातले ‘व्याकरणाचे दोष’ दुरुस्त करण्याची सूचना केली होती. आजी हवाईची पिजिन बोलते. उसाच्या मळ्यांवर हवाईयन, चिनी, पोर्तुगीज, जपानी आणि फिलिपिनो मजूर एकत्र आले आणि त्यांच्या व्यवहारातून, त्यांच्या मुलांच्या तोंडी ही भाषा घडली. तिला स्वतःचे व्याकरण आहे. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद ‘शुद्ध’ करून छापण्याची सूचना ज्याने कधी ऐकली असेल, त्या मराठी वाचकाला या मागणीचे स्वरूप वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा गट बेटांबाहेर राहणाऱ्या हवाईयन कुटुंबांचा. त्यांची पत्रे वाचताना मन भरून येत असे. आपल्या मुलीने प्रथमच स्वतःसारख्या मुलीला पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पाहिले, असे एका आईने लिहिले होते. एका आजोबांनी नातवाला पुस्तक मोठ्याने वाचून दाखवताना कितीतरी वर्षे न उच्चारलेले शब्द आपल्या तोंडून बाहेर पडले, असे कळवले होते.

तिसरा गट बेटांवरचा: शिक्षक, ग्रंथपाल, हवाईयन भाषेतून शिकणारी मुले, हुला हे पारंपरिक नृत्य शिकवणारे गुरू, ज्यांना कुमू हुला म्हणतात, आणि पुना व काऊ या ज्वालामुखीलगतच्या भागांतील काही कुटुंबे. संख्येने हा गट सर्वांत लहान होता. त्यांचे आक्षेप मात्र सर्वांत नेमके होते, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यांच्याविषयीच असणार आहे.

पहिला आक्षेप दगडाचा. हवाईच्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानातून दगड नेण्यास कायद्याने बंदी आहे, तरीही पर्यटक ते नेतात, आणि घरी गेल्यावर काही वाईट घडले की ‘पेलेचा शाप’ लागला असे समजून टपालाने परत पाठवतात. असे दगड वर्षानुवर्षे उद्यानाकडे येत आहेत. एका शिक्षिकेने लिहिले की तुमच्या नायिकेला दगड खिशात घातल्याचे बक्षीस मिळते आणि माझ्या वर्गातल्या मुलांना मी नेमके याच्या उलट शिकवते. त्यातच आणखी एका वाचकाने वेगळा मुद्दा मांडला: दगडाच्या शापाची कल्पना जुन्या परंपरेतली नाही, ती विसाव्या शतकात पर्यटनाबरोबर पसरली, आणि कादंबरीने तिलाच प्राचीन समजून पाया केले आहे. म्हणजे एका वाचकाला कृती अनुचित वाटत होती आणि दुसऱ्याला त्या कृतीमागची समजूतच बनावट वाटत होती. दोघांच्या पत्रांत शेवटचे वाक्य जवळजवळ सारखेच होते: हे प्रकरण काढा.

दुसरा आक्षेप भाषेचा. हवाईयन लिपीत पाच स्वर आणि आठ व्यंजने अशी तेरा अक्षरे आहेत. त्यांतले एक व्यंजन म्हणजे ओकिना, घशात क्षणभर अडणारा श्वास. आणि दीर्घ स्वर दाखवण्यासाठी अक्षरावर काहाको नावाची आडवी रेघ देतात. आमच्या छपाईत ही चिन्हे काही ठिकाणी होती, काही ठिकाणी गळली होती. हवाईयन माध्यमाच्या शाळेतील एका वर्गाने चुकांची यादीच करून पाठवली. आपल्या लिपीत दाखवायचे तर ‘पउ’ म्हणजे संपले, ‘प-उ’ म्हणजे काजळी, ‘प-ऊ’ म्हणजे ओलसर आणि ‘पा-ऊ’ म्हणजे कमरेला नेसायचे वस्त्र. आमच्या पुस्तकात नायिकेची आजी समारंभासाठी ‘संपले’ नेसून येत होती. दिन आणि दीन, शिर आणि शीर यांतला फरक जाणणाऱ्या भाषेत वाढूनही ही चूक माझ्या डोळ्यांखालून निसटली, याचे मला आजही वाईट वाटते.

मुलांच्या त्या यादीमागे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली आणि १८९६ च्या कायद्याने शाळांतील अध्यापनाची भाषा इंग्रजी ठरली. पुढच्या पिढ्यांत हवाईयन बोलणारी मुले जवळपास उरली नाहीत. १९७८ च्या राज्यघटना दुरुस्तीने हवाईयन ही इंग्रजीबरोबर अधिकृत भाषा झाली, १९८३ मध्ये पालक-शिक्षकांनी ‘पूनाना लेओ’ ही संस्था स्थापन केली, १९८४ मध्ये काउआई बेटावरील केकाहा येथे तिची पहिली बालवाडी भरली आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. आम्हाला यादी पाठवणारी मुले त्या बालवाड्यांतून पुढे आलेल्या वर्गांतली होती. आमच्या दृष्टीने जी मुद्रणदोषांची यादी होती, ती त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीकडून काढून घेतलेल्या भाषेची मोजदाद होती.

याच मुद्द्यावर एक विरुद्ध मतही आले, आणि ते नोंदवलेच पाहिजे. हवाईयन ज्यांची घरातली बोलण्याची भाषा आहे अशा एका ज्येष्ठ वाचकांनी कळवले की चिन्हांचा एवढा आग्रह शिकणाऱ्यांचा आहे. जुनी वर्तमानपत्रे चिन्हांशिवायच छापली जात, कारण वाचणाऱ्याला शब्द माहीत असत. हे खरेच आहे. १८३४ ते १९४८ या काळात निघालेल्या हवाईयन वर्तमानपत्रांची लाखाहून अधिक पाने उपलब्ध आहेत आणि ती बहुतांशी चिन्हरहित आहेत.

तिसरा आक्षेप होकायंत्राचा होता, आणि मला स्वतःला त्याने सर्वांत जास्त हलवले. १९७६ मध्ये ‘होकूलेआ’ ही दुहेरी सांगाड्याची शिडाची होडी कोणत्याही यंत्राशिवाय हवाईहून ताहितीला पोहोचली. त्या वेळी हवाईत ही विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता, म्हणून मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे माऊ पियाइलुग यांनी मार्ग दाखवला. १९८० मध्ये नैनोआ थॉम्पसन यांनी तोच प्रवास स्वतः मार्ग काढीत केला. क्षितिजाचे ३२ भाग कल्पून, तारे कोणत्या भागात उगवतात आणि मावळतात, लाटा कोणत्या दिशेने होडीखालून सरकतात, हे ध्यानात धरून ते चालत. एका वाचनगटाच्या टिपणात याविषयी एकच वाक्य होते: “जेथे आमच्या पूर्वजांकडे विद्या होती, तेथे तुम्ही जादू ठेवली.” अद्भुत कथेत जादू असणारच, हे त्या गटालाही मान्य होते. पण शेकडो वर्षांच्या निरीक्षणाने कमावलेले कौशल्य एका मंतरलेल्या वस्तूने भागवले की ते कौशल्य कधी नव्हतेच असा समज बालवाचकाच्या मनात रुजतो, आणि बेटांवरच्या लोकांनी हाच समज खोडून काढण्यासाठी ती होडी समुद्रात घातली होती.

चौथा आक्षेप पेलेचा. पुना आणि काऊ भागांतील काही कुटुंबे पेलेला आपल्या वंशावळीतली पूर्वज मानतात. २०१८ मध्ये खालच्या पुना भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला आणि सुमारे ७०० घरे गेली, तेव्हाही काही रहिवाशांनी भेगांजवळ ‘टी’ (चहा नव्हे) या हवाईत पवित्र मानल्या जाणाऱ्या वनस्पतीची पाने वाहिली. ही जमीन तिचीच आहे, ती परत घेते आहे, असे घर गमावलेले लोक म्हणत होते. अशा दैवताला आम्ही खलनायिका केले होते आणि बारा वर्षांच्या मुलीकडून नमवले होते. एका कुमूंनी लिहिले की ही माझी पणजी आहे आणि तुम्ही तिला राक्षसीण म्हणता. आउमाकुआ कुटुंबाकडून वारशाने येतो, शार्क असो वा घुबड, तो बाजारातून आणल्यासारखा निवडता येत नाही, आणि रात्रीच्या योद्ध्यांची मिरवणूक दिसली तर जमिनीवर पालथे पडून नजर खाली ठेवायची असते, तिला फौज म्हणून वापरायचे नसते, हे मुद्दे त्याच पत्रात ओघाने आले होते.

समस्या

मी पहिल्या बैठकीत या सगळ्याचा गोषवारा मांडला तो मोजदाद करून: इतके अनुकूल, इतके प्रतिकूल, इतके संमिश्र. त्यावरून निष्कर्ष सरळ निघत होता की बहुसंख्य वाचक समाधानी आहेत आणि शब्दसूची पुढे आणून एक नकाशा दिला की काम झाले. विक्री विभागाला हे पटले. लेखिकांना पटले नाही, पण त्यांना ते का पटत नाही हे त्या सांगू शकत नव्हत्या, कारण आक्षेप घेणारी पत्रे वाचल्यापासून त्या जवळजवळ बोलतच नव्हत्या. आपल्याच लोकांनी आपल्याला बाहेर ठेवले, असे त्यांना वाटत होते.

चूक माझ्या मोजण्यात होती. मुख्य भूमीवरचा वाचक ‘मला मजा आली का’ या प्रश्नाचे उत्तर देत होता. बेटांबाहेरचे हवाईयन कुटुंब ‘मी यात दिसतो का’ याचे. आणि पुनामधला वाचक ‘हे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोणाची’ याचे. ही तीन वेगळी उत्तरे एकाच तराजूत टाकून सरासरी काढता येत नाही. हवाईयन भाषेत ‘कुलेआना’ असा एक शब्द आहे, ज्यात हक्क आणि जबाबदारी दोन्ही एकत्र येतात. ज्याचा हक्क त्याचीच जबाबदारी. कुमूंच्या पत्रात तो तीनदा आला होता आणि मी प्रत्येक वेळी त्याच्यावरून पुढे गेले होते.

समस्येचा आणखी एक पदर वाङ्मयप्रकाराचा होता. हवाईयन परंपरा कथेचे दोन प्रकार वेगळे ओळखते. काआओ म्हणजे कल्पित, रंजनासाठी रचलेली गोष्ट. मोओलेलो म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले कथन, ज्यात इतिहास आणि पुराण वेगळे काढलेले नसतात. पेलेची कथा मोओलेलो आहे. आम्ही तिच्यावर ‘अद्भुत’ असा शिक्का मारून तिला काआओच्या फडताळात ठेवले होते. हा शिक्का परीकथेला शोभतो. ज्या कथनाच्या ओळींवर आजही हुला नाचला जातो आणि ज्यातल्या स्थळांची नावे आजही पत्त्यात लिहिली जातात, त्याला तो लागू पडतोच असे नाही.

विचारात घेतलेले पर्याय

काहीच न करण्याचा पर्याय फार वेळ टिकला नाही, कारण भाषेच्या चुका दुरुस्त करणे सर्वांनाच आवश्यक वाटत होते. त्यावरचा मध्यम मार्ग म्हणजे चुका दुरुस्त करून शेवटी लेखिकेचे मनोगत जोडायचे, ज्यात कथा कल्पित असल्याचे आणि परंपरेबद्दल आदर असल्याचे सांगायचे. खर्च कमी, वेळ कमी. मी याच्या बाजूने होते, हे कबूल केले पाहिजे. लेखिकांनी येथे प्रथमच तोंड उघडले आणि विचारले की दोनशे पाने पणजीचा अपमान करून शेवटच्या पानावर नमस्कार करायचा का. त्यानंतर मनोगताचा विषय निघाला नाही.

पुस्तक मागे घेण्याचा पर्याय लेखिकांनीच सुचवला. काही दिवस तो गंभीरपणे चर्चेत होता. त्याविरुद्ध माझा मुद्दा त्या आजोबांच्या पत्राचा होता. बेटांबाहेर राहणारे हवाईयन आता बेटांवरच्यांपेक्षा जास्त आहेत आणि त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचणारी पुस्तके मोजकीच आहेत. चुकलेले पुस्तक सुधारण्याऐवजी काढून घेतले तर त्या मुलांच्या हाती काहीच राहत नाही. यावर एकमत व्हायला वेळ लागला.

पुनर्लेखनाचा चौथा पर्याय उरला. त्याला आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणाहून, जुन्या वर्तमानपत्रांतून. पेले आणि तिची धाकटी बहीण हिइआका यांची दीर्घकथा १८६१ पासून ‘का होकू ओ का पाकिपिका’ या हवाईयन वर्तमानपत्रात क्रमशः छापली गेली होती. पुढे तिची इतर रूपेही निरनिराळ्या पत्रांत आली. त्या काळी वाचक पत्रे लिहून कथनातले तपशील तपासत, आमच्या भागात ही कथा अशी नाही असे कळवत आणि अशी पत्रे छापलीही जात. एका ग्रंथपालांनी हे आमच्या लक्षात आणून दिले. लेखिकांवर याचा जो परिणाम झाला तो मी समोर बसून पाहिला. आलेल्या पत्रांकडे आपल्याला घराबाहेर काढणारी पत्रे म्हणून पाहणे त्यांनी थांबवले. चुकीचे सांगणाऱ्याला दुरुस्त करणे म्हणजे त्याला सांगणाऱ्यांत मोजणे, असे त्या म्हणाल्या.

कृती

पुढची आवृत्ती लांबणीवर टाकण्यात आली. पहिला निर्णय मानधनाचा होता. आक्षेप पाठवणाऱ्या कुमूंना ‘एकदा नजर टाका’ अशी विनंती करण्याचा मसुदा मी लिहिला होता, पण त्यात मानधनाचा उल्लेख नव्हता. ज्यांच्या ज्ञानावर पुस्तक उभे राहणार, त्यांनीच ते फुकट द्यावे ही अपेक्षा मसुद्यात न लिहिताही लिहिलेली होती. तो बदलून कुमू आणि एक भाषासंपादक या दोघांशी रीतसर करार केला. त्यांचे अभिप्राय बंधनकारक असतील का, या प्रश्नावर बरीच ओढाताण झाली. शेवटी भाषेबाबत भाषासंपादकांचा शब्द अंतिम आणि कथानकाबाबत लेखिकांचा, पण कुमूंचा नकार असलेली जागा चर्चेशिवाय छापायची नाही, असे ठरले.

चिन्हांबाबत शाळेतील मुलांचे मत स्वीकारले. ज्येष्ठ वाचकांचे म्हणणे खरे असले तरी आमचा वाचक ती भाषा नव्याने शिकणारा होता, आणि त्याला शब्द आधीपासून माहीत नव्हते. हवाईयन शब्द तिरप्या ठशात छापणे बंद केले, कारण त्या कथेच्या भूमीत ते शब्द परके नाहीत. शब्दसूची शेवटीच ठेवली. अर्थ वाक्यातूनच कळेल अशी अनेक वाक्ये लेखिकांनी नव्याने लिहिली. पिजिनला हात लावला नाही.

होकायंत्र गेले. त्याजागी होडीवर एक म्हातारे दर्यावर्दी आले, जे नायिकेला पाठीवर झोपवून लाट शरीराने ओळखायला शिकवतात. या बदलाने कादंबरी उघडपणे चांगली झाली, असे माझे मत आहे. जादुई वस्तू असताना नायिका फक्त पोहोचत होती. आता ती शिकत होती, चुकत होती, एक रात्र भरकटत होती.

सर्वांत कठीण प्रश्न पेलेचा होता आणि त्याचे उत्तर मूळ कथेतच सापडले. त्या कथेत पेले हिइआकाला काउआईच्या हाएना येथून आपला प्रियकर लोहिआउ याला आणायला पाठवते. हिइआका एकच मागणे मागते: माझी ओहिआ लेहुआची राई आणि माझी मैत्रीण होपोए यांना जप. वाटेवर संकटे येतात, वेळ लागतो, पेलेच्या मनात संशय शिरतो आणि ती राई जाळून होपोएचा अंत करते. येथे पेले भयंकर वागते आणि तरीही ती खलनायिका नाही. ती दिलेला शब्द मोडणारी थोरली बहीण आहे, आणि तिच्या आगीनंतरच्या लाव्हावर सर्वांत आधी रुजणाऱ्या झाडांपैकी ओहिआ हे एक आहे. लेखिकांना हे कळल्यावर नमवण्याचा शेवट आपोआपच गळला. नव्या रूपात संकटाचे मूळ मोडलेल्या वचनात आहे, वचन मोडणारी नायिकाच आहे, आणि शेवटी ती विवराच्या काठावर परवानगीचा मंत्र म्हणून थांबते. आत येऊ देण्याचे उत्तर पेलेकडून येते की नाही, ते पुस्तकात सांगितलेले नाही. आउमाकुआ आता आजी सांगते, नात निवडत नाही. आणि योद्ध्यांची मिरवणूक जाईपर्यंत नायिका चिखलात तोंड खुपसून पडून राहते. हे दृश्य पूर्वीच्या फौजेपेक्षा कितीतरी अधिक भीतिदायक आहे.

दगडाबाबत आम्ही पुन्हा चुकलो. पहिल्या मसुद्यात नायिका शेवटी दगड परत आणून ठेवते, असे केले होते. कुमूंनी दाखवून दिले की परत आणला म्हणजे फिटले, ही तर टपालाने दगड पाठवणाऱ्यांचीच समजूत झाली. उद्यानात असे आलेले दगड मूळ जागी नेऊन ठेवता येत नाहीत, कारण ती जागा कोणालाच माहीत नसते. अखेरीस नायिका दगड उचलण्यासाठी वाकते आणि आजी तिचा हात धरते, एवढेच प्रकरण राहिले. अग्नीची शक्ती कथेतूनच गेली. एका अद्भुत साहसकथेतली मुख्य जादू काढून टाकण्याच्या या निर्णयाला विक्री विभागाने शेवटपर्यंत विरोध केला आणि त्यांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही.

परिणाम

नवी आवृत्ती निघाली. हवाईयन माध्यमाच्या त्याच वर्गाने ती पुन्हा तपासली आणि या वेळी यादी आली नाही. त्यांच्या शिक्षिकांनी होडीचे प्रकरण वर्गात वाचायला घेतल्याचे कळवले. पहिली आवृत्ती आवडलेल्या मुख्य भूमीवरील काही वाचकांना नवा शेवट संथ वाटला, आणि एका मुलाने नायिकेची आग कोठे गेली असे रागावून विचारले. त्याला लेखिकांनी स्वतःच्या हाताने दोन पानांचे उत्तर लिहिले. बेटांबाहेरच्या कुटुंबांपैकी बहुतेकांनी बदलांचे स्वागत केले, पण एका आईने लिहिले की माझ्या मुलीला ती जिंकणारी मुलगी हवी होती, आणि ती उणीव आम्ही भरून काढू शकलो नाही.

कुमूंचे समाधान पूर्ण झाले नाही. पेलेला कल्पित साहसकथेत आणावेच का, हा त्यांचा मूळ प्रश्न कायम आहे, आणि श्रेयनामावलीत आपले नाव छापू नये असे त्यांनी कळवले. आम्ही ते छापले नाही. त्यांनी मदत केली म्हणजे पुस्तकाला मान्यता दिली असे मलपृष्ठावर सुचवण्याचा एक प्रस्ताव आला होता, तो लेखिकांनी त्याच दिवशी फेटाळला.

वेगळे काय करता आले असते

बेटांवरच्या वाचकांना हस्तलिखित छपाईपूर्वी दाखवायला हवे होते, हे उघड आहे आणि त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मला जास्त सलते ते दुसरेच. लेखिका त्या समाजातल्या आहेत, म्हणजे तपासण्याची गरज नाही, असे मी धरून चालले होते. त्यामुळे एका व्यक्तीच्या खांद्यावर संपूर्ण परंपरेचा भार टाकला गेला, आणि चुका निघाल्या तेव्हा त्याही तिच्या एकटीच्या ठरल्या. लेखिका परक्या असत्या तर मी नक्कीच सल्लागार शोधला असता. ज्या कुटुंबाला बेटे सोडावी लागली, त्याच्या मुलीला आजीकडून अर्ध्याच गोष्टी ऐकायला मिळाल्या असतील, हे मला सुचायला हवे होते.

प्रतिक्रिया गोळा करतानाच प्रत्येक वाचक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे, हे बाजूला लिहून ठेवले असते तर पहिल्या बैठकीतली मोजदाद टळली असती. आणि आक्षेपांची पत्रे लेखिकांना एकगठ्ठा, कोणतेही बोलणे न करता पाठवणे ही माझी निखळ चूक होती. त्यांच्या अनेक आठवड्यांच्या मौनाचे ते एक कारण होते.

पहिल्या आवृत्तीच्या मलपृष्ठावरील मजकुराचा मी वर उल्लेख केला नाही. त्यात आम्ही या पुस्तकाची तुलना ग्रीक पुराणांवर बेतलेल्या साहसकथांशी केली होती. झ्यूसची आज कोणाच्या घरी पणजोबा म्हणून आठवण काढली जात नाही. त्या एका ओळीने वाचकाला पुस्तक कसे वाचायचे ते चुकीचे सांगितले होते, आणि ती ओळ मीच लिहिली होती.

दुसऱ्या भागाचे हस्तलिखित या वेळी कोणालाही दाखवण्याआधी लेखिकांनी कुमूंकडे पाठवले. ते वाचायला त्यांनी होकार दिला, पण पहिल्या पानावर एक प्रश्न लिहून ते परत केले: ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? लेखिका सध्या त्याचे उत्तर लिहीत आहेत. आजीपासून सुरुवात करून, आजीला कोणी सांगितले, त्यांना कोणी, अशी नावे त्या शोधत आहेत, आणि त्यासाठी गेल्या महिन्यात त्या काऊला जाऊन आल्या.